दोन बोटांचे तास

वृंदा बोरसेच्या उड्डाणवहीची सत्तावीस पानं भरली होती. पानाला आठ ओळी, शेवटच्या पानावर तीनच; म्हणजे दोनशे अकरा उड्डाणं. एकूण वेळ एकशे अडुसष्ट तास चाळीस मिनिटं. त्यातले सेहेचाळीस तास प्रशिक्षकाबरोबर, चौदा तास दहा मिनिटं विमानात एकटी असताना, आणि उरलेले एकशे आठ तास तीस मिनिटं डाव्या सीटवर ती आणि उजव्या सीटवर तिचे सासरे. निळ्या शाईच्या नोंदी एकशे ब्याण्णव, काळ्या शाईच्या एकोणीस. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्हीकडे सही. एका पानावर केळीच्या चिकाचा डाग.

हे सगळं तिने त्या सकाळी तीनदा मोजलं, कारण शाहीनने तिच्यापुढे ठेवलेल्या कागदावर वेगळेच आकडे होते.

शाहीन तडवी तापीतीर फ्लाइंग क्लबची नोंदणी सांभाळायची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, सव्वीस वर्षांची, आणि वाईट बातमीसुद्धा दोन दशांश स्थळांपर्यंत सांगणारी. तिने कागदाच्या मधल्या रकान्यावर पेन टेकवलं. डाव्या सीटवरच्या त्या एकशे आठ तास तीस मिनिटांपैकी वृंदाच्या हाताचे अठ्ठावन्न तास पाच मिनिटं. सासऱ्यांच्या, म्हणजे भास्करराव बोरसे यांच्या हाताचे एकोणीस तास दहा मिनिटं. आणि एकतीस तास पंधरा मिनिटं ‘अविभक्त’.

अविभक्त म्हणजे काय, असं वृंदाने विचारलं. शाहीन म्हणाली, विमान कोणी उडवलं ते सांगता येत नाही तो वेळ.

“पण विमानात दोघंच होतो आम्ही.”

“हो ताई. म्हणूनच अविभक्त. तिसरं कोणी असतं तर त्याचं नाव घातलं असतं.”

उड्डाणाचे तास लिहायचा नियम आजवर सोपा होता. विमान उड्डाणासाठी जागचं हललं की वेळ सुरू, परत येऊन थांबलं की वेळ बंद. एका वेळी विमानाचा कमांडर एकच. शेजारी बसलेल्याकडे परवाना असला तरी तो प्रवासी. त्याने स्वतःच्या वहीत काही लिहायचं नाही. वृंदा आणि तिचे सासरे हा नियम कसोशीने पाळायचे. अण्णांची स्वतःची वही सातशे तासांवर गेली होती, त्यांना आणखी तासांची हाव नव्हती. सून उडवते आणि आपण उजवीकडे बसून जमीन बघतो, यातच त्यांना सुख होतं.

पण गेल्या दहा-बारा वर्षांत विमानं स्वतःच उडायला शिकली. मोठ्या विमानांतले वैमानिक हजार-हजार तास हात मांडीवर ठेवून वहीत भरत होते, आणि एखाद्या दिवशी यंत्रणा बंद पडली की त्यांच्या हातांना काही आठवत नव्हतं. तेव्हा विमान वाहतूक खात्याने ठरवलं की वेळ हाताचा मोजायचा. परिपत्रकात त्याला ‘हस्तवेळ’ असं नाव होतं. विमान हवेत किती राहिलं हे बाजूला. तुमच्या हातामुळे किती वेळ उडालं, तेवढं तुमचं. मोजायचं यंत्र आधीच बसलेलं होतं. क्लबच्या प्रत्येक विमानात पॅनलच्या मागे डब्याएवढी एक पेटी आठ वर्षं गुपचूप बसून होती. ती अपघाताच्या तपासासाठी आहे असंच सगळे समजत होते. ती पेटी सेकंदाला चारशे वेळा सुकाणूच्या शाफ्टवरचा जोर नोंदवत होती. जानेवारीत नवीन गणित आलं आणि आठ वर्षांच्या नोंदी त्यातून काढल्या गेल्या.

पण पेटी एकच होती आणि शाफ्टही एकच. लहान विमानात डावा आणि उजवा योक, म्हणजे विमान वळवायच्या दोन्ही मुठी, एकाच शाफ्टला जोडलेले असतात; एक फिरवला की दुसरा फिरतो.

“मग माझा हात कुठला आणि अण्णांचा कुठला, हे पेटीला कसं कळतं?” वृंदाने विचारलं.

शाहीनला हा प्रश्न आवडला. एरवी मंडळी फक्त तास कमी का झाले एवढंच विचारून भांडत होती. तिने सांगितलं की माणसाचा हात स्थिर धरला तरी स्थिर नसतो. तो सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरतो, आणि हे थरथरणं प्रत्येकाचं निराळं असतं. शिवाय वाऱ्याची झुळूक विमानाला लागल्यापासून हात उत्तर देईपर्यंत थोडा वेळ जातो. वृंदाच्या हाताला सेकंदाचे एकवीस शतांश लागतात, अण्णांच्या हाताला एकोणतीस. एका माइकपुढे दोघं गायली तरी आपल्याला आवाज वेगळे ऐकू येतात, तसंच. मग गणित प्रत्येक सेकंदाला एक हात वगळून बघतं: हा हात नसता तर विमान कुठे गेलं असतं? फारसा फरक पडला नसता, तर तो सेकंद त्या हाताचा नाही. पडला असता, तर त्याचा. कुठलाही हात वगळला तरी विमान भरकटलं असतं असं दिसलं, की तो सेकंद अविभक्त.

“आणि अविभक्त कोणाच्या वहीत?”

“कोणाच्याच नाही.”

वृंदाने मनातल्या मनात बेरीज केली. एकटीचे चौदा तास दहा मिनिटं, अधिक अठ्ठावन्न तास पाच मिनिटं. बहात्तर तास पंधरा मिनिटं. सातपुडा हवाई रुग्णसेवेला वैमानिकाचे कमांडर म्हणून शंभर तास हवे होते. जागा एक होती आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. आज मंगळवार.

ही जागा तिला दोन वर्षांपासून हवी होती. शिरपूरच्या रक्तसाठा केंद्राची ती प्रमुख होती. डोंगरातल्या दवाखान्यांना ड्रोनने रक्ताच्या पिशव्या पाठवायचं काम तिचंच. ड्रोन तीन किलो उचलतात. माणूस उचलत नाहीत. मागच्या श्रावणात धडगावच्या पुढे एका बाळंतिणीसाठी तिने दिवसभरात चार पिशव्या पाठवल्या. चारही पोचल्या. बाईंना शस्त्रक्रियेसाठी खाली आणायला मात्र कोणी नव्हतं. त्या दिवसापासून वृंदा सुट्टीचा एक वार उडल्याशिवाय जाऊ देत नव्हती.

*

अण्णांना कागद दाखवला तेव्हा ते आधी हसले. मग चष्मा लावून त्यांनी तो पुन्हा वाचला.

“एकोणीस तास? मी तर हात लावत नव्हतो.”

“दोन बोटं ठेवत होतात ना,” शाहीन म्हणाली.

बोटं ते ठेवायचेच. क्लबमध्ये सगळेच ठेवत. क्लब सुरू करणारे कॅप्टन रॉड्रिग्ज यांची ती शिस्त होती: उजवीकडे बसलेल्याने हात मांडीवर टाकला की त्याला डुलकी लागते, म्हणून त्याने उजव्या हाताची दोन बोटं योकवर नुसती टेकवून ठेवायची. दाबायचं नाही, ओढायचं नाही. रॉड्रिग्ज गोव्याला परत गेले, तरी दोन बोटं राहिली. नरडाण्याच्या या धावपट्टीवर पाहुणा वैमानिक आला आणि उजवीकडे हाताची घडी घालून बसला, तर तो उद्धट समजला जाई. आता त्या दोन बोटांपायी क्लबच्या चौतीस सभासदांचे तास एकमेकांत गुंतले होते. दोघा जुन्या मित्रांनी तर एकमेकांशी बोलणंच टाकलं होतं.

शाहीनने दोघांना मागच्या खोलीत नेलं. तिथे शिकाऊ मुलांसाठी एका मोडीत काढलेल्या विमानाचे दोन योक आणि मधला शाफ्ट टेबलावर बसवलेला होता. दोघांच्या मध्ये तिने केळीच्या वेफर्सच्या खोक्याचा पुठ्ठा उभा केला, म्हणजे एकमेकांचे हात दिसू नयेत. समोरच्या पडद्यावर एक ठिपका होता. खूण दिसली की योक फिरवून ठिपका खुणेवर न्यायचा आणि थांबवायचा, एवढंच काम.

आधी वृंदा एकटीने: सरासरी ब्याऐंशी शतांश सेकंद. मग अण्णा एकटे: एक्क्याण्णव शतांश. मग दोघं मिळून, वीस वेळा.

संपल्यावर शाहीनने दोघांना वेगवेगळं आपल्या कानात सांगायला लावलं की दुसऱ्याने काय केलं. अण्णांनी सांगितलं, ती उगीच घाई करत होती, मी सावरत होतो. वृंदाने सांगितलं, अण्णा अडवत होते, त्यांच्यामुळे उशीर झाला. शाहीनने दोन्ही उत्तरं मोठ्याने बोलून दाखवली आणि मग वेळ सांगितला. दोघं मिळून एकाहत्तर शतांश सेकंद.

“म्हणजे एकट्यापेक्षा लवकर?” अण्णांनी विचारलं.

“दोघांच्याही एकट्यापेक्षा लवकर.”

आलेखात दिसत होतं ते असं: पहिल्या तीन-चार वेळा दोघांनी सगळंच केलं. नंतर कोणी काही न ठरवता कामाची वाटणी झाली. ठिपका हलवायचा जोर वृंदाचा आणि थांबवायचा जोर अण्णांचा. विसाव्या वेळेपर्यंत वृंदा थांबवायचं जवळजवळ विसरली होती, आणि अण्णा सुरुवात करायचं. दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. एकच दांडी धरलेली कुठलीही दोन माणसं असंच करतात, शाहीन म्हणाली. हातांचं हातांत ठरतं, डोक्याला कोणी विचारत नाही. आणि दोघांनाही वाटत राहतं की समोरचा मधे मधे येतोय.

“संसाराचं शास्त्र निघालं हे तर,” अण्णा म्हणाले. पण ते पुठ्ठ्यापलीकडच्या योककडे बघत होते.

वृंदाने हळूच विचारलं, “मग मला एकटीला थांबवता येतं की नाही?”

“ब्याऐंशी शतांशात येतं.”

“विमान म्हणतेय मी.”

शाहीनने आलेख बंद केला. तिच्याकडे त्याचा आकडा नव्हता.

*

संध्याकाळी जेवायला बसल्यावर वृंदाच्या नवऱ्याला, निशिकांतला, सगळं सांगून झालं. निशिकांत शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा आणि विमानात कधी पाऊल ठेवत नसे. बायको आणि वडील रविवारी आकाशात गेले की तो भाजी आणायला जात असे. त्याने विचारलं की मग अडचण काय आहे. घरातही तिने सुरू करायचं आणि अण्णांनी ब्रेक लावायचा, हेच चाललंय. कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने वरणाचं पातेलं पुढे सरकवलं.

वृंदाच्या डोक्यात एकशे त्रेसष्ट क्रमांकाचं उड्डाण फिरत होतं. चोपड्याहून परतताना अनेर धरणाच्या बाजूने अचानक आडवा वारा सुटला होता, आणि तिने विमान वाऱ्यात तिरकं धरून, शेवटच्या क्षणी सरळ करून, एका चाकावर अलगद उतरवलं होतं. त्या दिवशी अण्णांनी अख्ख्या क्लबला पेढे वाटले होते. आपल्याला उडता येतं, असं वृंदाला पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी. शाहीनकडून तिने त्या उड्डाणातल्या हातांच्या नोंदीची छापील पट्टी मागून आणली होती. शेवटचे नऊ सेकंद: भास्करराव बोरसे.

तिने ती पट्टी ताटाशेजारी ठेवली.

“अण्णा, त्या वेळी तुम्ही योक दाबला होता?”

अण्णांनी घास खाली ठेवला. तीस वर्षं त्यांनी भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम केलं होतं. भावाभावांच्या जमिनी वाटून हद्दीचे दगड रोवून दिले होते. आठवल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती.

“नाही,” ते म्हणाले. “तू डावा पाय दाबलास ते मला आठवतं. तू दात आवळलेस तेसुद्धा आठवतं. माझा हात काय करत होता ते आठवत नाही.”

“मला माझा हात आठवतो. मीच सरळ केलं.”

“मग तसंच असेल.”

“कागदावर तसं नाहीये.”

वृंदाला राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. अण्णांवर? त्यांनी काही केलेलं त्यांनाच माहीत नव्हतं. आणि समजा केलं असेल, तर त्यांनी दोघांचा जीव वाचवला, की तिचं लँडिंग चोरलं? तिने लिंबू पिळायला घेतलं आणि फोड बोटांत दाबताना मधेच थांबली. जोर पुरे झाला हे हाताला कसं कळलं? हे थांबणं तरी तिचंच होतं का? आठ वर्षं ज्या हाताबरोबर आपला हात बांधलेला होता, त्यातलं काय कोणाचं, याचा तिला पत्ताच लागेना.

निशिकांतने लिंबू तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःच पिळलं.

*

बुधवारी शाहीननेच वाट सुचवली. परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर एक नमुना होता. अविभक्त वेळ एकाच वैमानिकाच्या नावे करता येत होता, मात्र दुसऱ्याने लिहून द्यायला हवं: ‘सदर वेळेत माझ्या हातामुळे विमानाची दिशा, उंची अथवा वेग बदलला नाही.’ खाली सही. एकतीस तास पंधरा मिनिटं वृंदाच्या वहीत आली, की एकशे तीन तास तीस मिनिटं होत होती. काम संपलं.

कागद छापून दुपारी वृंदाने अण्णांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, पेन उघडलं, आणि पुन्हा बंद केलं.

“हे मला माहीत नाही,” ते म्हणाले.

तुम्हीच तर म्हणालात हात लावला नाही, असं वृंदा म्हणाली. मंगळवारी म्हणालो होतो, ते म्हणाले. मंगळवारी सकाळी मला खात्री होती. दुपारी त्या टेबलावर मी वीस वेळा ठिपका थांबवला आणि मला कळलंसुद्धा नाही. आता खात्री नाही.

“अण्णा, तुमची एक सही आहे फक्त. तिकडे माणसं खाली आणायला कोणी नाही.”

“म्हणूनच.” त्यांचा आवाज चढला नाही. “माझ्या हाताशिवाय तुला जमत नसेल, आणि मी जमतंय म्हणून सही केली, तर तू कोणाला तरी मागे झोपवून त्या डोंगरातून येशील, आणि उजवीकडे कोणी नसेल. एकाने सांगितलं म्हणून मी आयुष्यात कधी बांध धरला नाही, वृंदा. सख्ख्या भावाचा नाही धरला. मोजणीची साखळी टाकल्याशिवाय सही नाही.”

“मग टाका ना साखळी. कशी टाकणार?”

अण्णांनी त्याचा विचार करून ठेवला होता. रात्रभर करून ठेवला असावा, कारण त्यांनी तो एका दमात सांगितला.

“तू उद्या एकटी जा. मी जमिनीवर थांबतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. परत आल्यावर शाहीन पट्टी काढेल. त्यात माझं नाव शून्य आलं, तर यंत्र आपल्या दोघांचे हात बरोबर ओळखतं. मग त्या एकतीस तासांत मी होतोच. सही नाही. आणि मी खाली असताना पट्टीवर माझं नाव आलं, तर ते तुझ्याच हाताला माझं नाव देतंय. मग त्याच्या वाटणीला अर्थ नाही. सही करतो.”

शाहीनने तर्क दोनदा तपासला आणि त्यात चूक नाही असं सांगितलं. तिने एवढीच भर घातली की यंत्राला कोण विमानात आहे ते सांगितलं जाणार नाही; आसनावरचा भार पट्टीच्या तळाशी नुसता छापून येतो, गणितात धरला जात नाही. नेहमीच्याच दोन हातांशी ते पट्टी ताडून बघेल. वृंदाची एकटीची चौदा तासांची उड्डाणं पेटी बसण्याच्या आधीची होती, त्यामुळे अशी पट्टी अजून कोणी पाहिलेली नव्हती.

सगळ्यांना पटलं. वृंदालाही पटलं, आणि पटल्यावरच खरा घोळ झाला. तिने काय मागायचं? शून्य आलं, तर आपला हात आपलाच आहे, निर्मळ. पण जागा गेली. अण्णांचं नाव आलं, तर जागा मिळाली. पण मग डोंगरातून विमान आणणार कोण? निशिकांतला तिने हे विचारलं. त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला की तुला नक्की काय हवंय ते आधी ठरव. ती म्हणाली, तेच तर विचारतेय.

*

गुरुवारी सकाळी साडेआठला वारा पश्चिमेकडून होता, ताशी अठरा किलोमीटर, मधे मधे पंचवीसपर्यंत. धावपट्टी उत्तर-दक्षिण. म्हणजे वारा पूर्ण आडवा. अण्णांनी विचारलं की थांबायचं का. वृंदा म्हणाली, नको, डोंगरात वारा विचारून येत नाही.

ती डाव्या सीटवर बसली. उजव्या सीटचा पट्टा तिने स्वतः बांधून टाकला, लोंबकळू नये म्हणून. विमान धावपट्टीवर नेलं, थ्रॉटल पुढे केला. एकशे दहा किलोमीटर वेगाला योक ओढला, आणि जमीन सुटली.

पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती म्हणजे उजवा योक. तो हलत होता. तिने डावीकडे कलवलं की तो कलायचा, ओढलं की रिकाम्या सीटकडे सरकायचा. हे साहजिकच होतं, शाफ्ट एकच. पण इतकी वर्षं त्याच्यावर दोन बोटं दिसायची, सुरकुतलेली, एका नखावर काळा डाग असलेली. बोटं नसताना तो योक स्वतःहून काहीतरी करतोय असं दिसत होतं. तिने नजर समोर वळवली.

तापी ओलांडून ती केळीच्या बागांवर गेली. खाली हिरव्या चौकोनांच्या रेषा होत्या. त्यातल्या कितीतरी अण्णांनी आखलेल्या. वरून ते एकेक बांध नावानिशी सांगायचे. आज कोणी सांगत नव्हतं. तिने ठरवलं होतं की मुद्दाम काही करायचं नाही. अण्णांसारखं उडवायचं नाही, कारण ती लबाडी होईल. अण्णांसारखं न उडवण्याचा प्रयत्नही करायचा नाही, कारण तीही लबाडीच. हात जसा चालतो तसा चालू द्यायचा. पण बघायला लागल्यावर हात कसा चालतो तेच तिला कळेना. झुळूक आली, पंख उचलला गेला, तिचा हात गेला, पंख खाली आला आणि बरोबर जागेवर थांबला. नेला तिने. थांबवला कोणी? पुन्हा झुळूक आली. तिने फक्त थांबण्याकडे लक्ष दिलं, तर या वेळी हात अडखळला आणि विमान दोनदा डुललं. लक्ष काढून घेतलं की डुलणं बंद.

पाच-सात वेळा असं झाल्यावर तिने तो नाद सोडला. डोळे शिरपूरच्या पाण्याच्या टाकीवर लावले आणि मनात रक्तगटांची यादी म्हणायला लागली, केंद्रातल्या फ्रीजच्या कप्प्यांच्या क्रमाने. हाताला हाताचं काम करू दिलं.

तीन वेळा ती उतरली आणि न थांबता पुन्हा चढली. पहिल्या वेळी जरा आपटली. दुसऱ्या वेळी ठीक. तिसऱ्या वेळी धावपट्टीच्या टोकावर असताना वाऱ्याने जोर केला. विमानाचं नाक पश्चिमेच्या जिनिंग मिलच्या पत्र्यांकडे वळलं होतं आणि विमान मात्र सरळ पट्टीवर सरकत होतं. वृंदाने तिरकं धरून ठेवलं. पट्टी जवळ आली. तिने पायाने नाक सरळ केलं, डावा पंख किंचित वाऱ्यात दाबला, आणि योक मागे घेताना हात अर्ध्यावर थांबला. थांबायचं असं तिने ठरवलं नव्हतं. अर्ध्या सेकंदाने त्याने उरलेलं अंतर घेतलं. डावं चाक टेकलं. मग उजवं. मग नाकाचं.

चौथ्यांदा उतरून ती थांबली तेव्हा एकूण अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

अण्णा धावपट्टीच्या कडेला, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्यापाशी उभे होते. सोबत शाहीन आणि क्लबचे सातआठ जण. अण्णांचे हात पाठीमागे बांधलेले. वृंदा उतरून आली तेव्हा त्यांनी सांगितलं की तिसऱ्या वेळी चाक टेकलं ती जागा त्यांनी पावलांनी मोजून आणली: पट्टीच्या सुरुवातीपासून दोनशे चौदा मीटर.

“चांगलं का?” तिने विचारलं.

“मी असतो तर दोनशे साठ झालं असतं.”

मग तिघं ऑफिसात गेली. शाहीनने पेटीतली नोंद घेतली, गणित लावलं. त्याला चार मिनिटं लागली. टेबलावर कालचा तो नमुना होता, त्याच्यावर अण्णांचं पेन, टोपण काढलेलं. अण्णा बसले नाहीत. वृंदाही बसली नाही. तिचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

छापील पट्टी बाहेर आली. शाहीनने ती वाचली. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. मग दोघांच्या मध्ये, दोघांना वाचता येईल अशी आडवी ठेवली.

एकूण वेळ: अठ्ठेचाळीस मिनिटे.
वृंदा निशिकांत बोरसे: तेहतीस मिनिटे दहा सेकंद.
भास्करराव बोरसे: अकरा मिनिटे वीस सेकंद.
अविभक्त: तीन मिनिटे तीस सेकंद.
उजव्या आसनावरील भार: शून्य किलो.